शकूबाईचा उजवा हात

खोडदच्या शकूबाईच्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या आणि उजवा हात पार भुंडा. लग्नाला दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच तिनं उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, त्या कायमच्याच. नवरा तुळशीदास चांगला धडधाकट, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा; आणि त्याची बायको ही अशी अर्ध्या हाताची! बौद्धवस्तीतल्या बायकांना बोलायला आयतं निमित्त मिळालं. सासूनं तर अबोलाच धरला. शकूबाईनं कुणाला उत्तर दिलं नाही. तोंड तिलाही होतं, पण इंजिनाच्या पोटात काच फुटली तर काय होतं हे नळावर उभं राहून कुणाला आणि कसं समजावायचं?

कारण तिचा उजवा हात इंजिनात जायचा. मोठ्या डिझेल इंजिनांना बाजूनं लहान लहान झाकणं असतात. झाकण खोललं की आत क्रँक, बेरिंग, असले सगळे अवघड अवयव आणि तळाला तेलाचं चेंबर. पुरुषाचा पंजा त्या भोकातून मनगटाच्या पुढं जात नाही. आतला एखादा नट आवळायचा तर अख्खं इंजिन साखळीनं उचलून खालून खोलावं लागतं, त्यात दिवस जातो आणि गिऱ्हाइकाचा जीव जातो. शकूबाई नारायणगावच्या वर्कशॉपात आली होती झाडलोट करायला आणि रॉकेलमध्ये पार्ट धुवायला. एकदा असाच एक नट आत पडला, चार मिस्त्री भोवती डोकं खाजवत बसले, आणि ही कोपऱ्यातून म्हणाली, "मी बघू का घालून हात?" सगळे हसले. वर्कशॉपचे मालक आबा मात्र हसले नाहीत. शकूबाईनं गालाची बाजू इंजिनाला टेकवली, डोळे मिटले आणि काखेपर्यंत हात आत घातला. नट बाहेर आला. त्या दिवसापासून पार्ट धुवायला दुसरी बाई आली.

तिचा नियम एकच होता. हात आत जाताना रिकामा, बाहेर येताना रिकामा. बांगडी नाही, अंगठी नाही, दोरा नाही. बाकीचे मिस्त्री आतलं तेल पुसायला फडकं वापरायचे, ही तळहातानंच निपटून काढायची. फडक्याचं सूत सुटतं, सूत तेलात जातं, तेलाच्या जाळीवर बसतं, आणि तेल वर चढेनासं झालं की इंजिन स्वतःच्याच उष्णतेनं स्वतःला धरतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "शकूबाईचा हात आत गेला ना, मग इंजिनात इंजिनाबिगर काय ऱ्हात न्हाई." बोअरवेलच्या गाड्यांवरची माणसं, क्रशरवाले, बर्फाच्या कारखान्यातले लोक तिला नावानं विचारत यायचे.

नाव म्हणण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच होतं. शेत नाही, शिक्षण नाही. तुळशीदास एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन बाजारातच गेला, तेव्हा पोरगी यशोधरा शाळेत होती. शकूबाईनं डाव्या हातातल्या बांगड्या तशाच ठेवल्या. बायका त्यावरही बोलल्या. बायकांचं काय घेऊन बसलात!

आबा गेले, त्यांचे बाळासाहेब मालक झाले. माणूस वाईट नाही, फक्त घाईतला. शकूबाईचं वय झालं. दंड जाड झाला, खांदा धरायला लागला, बेरिंगाशी पोचेपर्यंत तोंडातून 'आई गं' निघू लागलं. पण ती कुणाला दाखवायची नाही. घरी आल्यावर खांद्याला शेक घ्यायची आणि गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्यांकडं बघत ओट्यावर बसायची.

आणि मग वर्कशॉपात सोंड आली.

तिचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते बाळासाहेबांनाही धड म्हणता यायचं नाही. चाकांची पेटी, त्यातून निघणारा अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब, पन्नास ठिकाणी वळणारा काळा यांत्रिक हात, टोकाला दिवा, कॅमेरा आणि चिमटा. कुणीतरी पहिल्या दिवशी 'सोंड' म्हणालं आणि तेच रूढ झालं. पुण्याच्या कंपनीनं ती भाड्यानं दिली होती. ती इंजिनात शिरायची, आतलं सगळं पडद्यावर दाखवायची, गाळ खरवडायची, नट आवळायची, आणि तिचा खांदा दुखत नव्हता.

सोंड चालवायला माणूस पाहिजे होतं, आणि ते माणूस निघालं यशोधरा. अवसरीच्या कॉलेजातून डिप्लोमा केलेली, हुशार, शांत, जरा भित्री. बाळासाहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नीट चाललं तर कायम करू. पर एक चूक झाली तर कंपनी सोंड बी नेईल आन् मला दुसरं माणूस बघावं लागंल." शकूबाईला त्या दिवशी आनंद झाला. पोरीला वर्कशॉपात टेबल-खुर्ची मिळाली होती. पण ज्या भोकातून आजवर आपला हात गेला, त्यातूनच आता पोरीची सोंड जाणार होती, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

पुण्याच्या इंजिनीअरनं शकूबाईच्या हातात तारा लावलेला मोजा चढवला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही नेहमीसारखं काम करा. ही शिकेल." आठवडाभर ती मोकळ्या इंजिनात हात घालून नट आवळत राहिली आणि शेजारी सोंड तिच्यासारखी वळत राहिली. इंजिनीअर खूश. यशोधरा तर टाळ्या वाजवायची. शकूबाई संध्याकाळी मोजा काढून ठेवायची आणि हात साबणानं दोनदा धुवायची.

यंत्रात खोट काढावी तर तीही सोय नव्हती. पहिल्याच महिन्यात एका जनरेटरच्या सिलिंडरला सोंडेनं केसाएवढी चीर दाखवली. त्याच जागेवरून दोन दिवस आधी शकूबाईचं बोट फिरून आलं होतं आणि तिनं "ठीक हाय" म्हणून सांगितलं होतं. बाळासाहेबांनी पुढची इंजिनं थेट सोंडेपुढं लावली. त्यानंतर तिच्या वाट्याला उरलं ते सोंडेला न जमणारं किरकोळ काम: नट सुटू नये म्हणून त्यातून घातलेली दुभंगी पिन वाकवणं, एखादी तार पिळणं. तेवढ्यासाठी ती रोज जीपनं नारायणगावला जायची आणि बाकीचा वेळ स्टुलावर बसून असायची.

खंडेनवमी आली. वर्कशॉपात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. शकूबाईची त्या दिवसाची रीत ठरलेली होती. सकाळी येऊन हत्यारं धुवायची ती तीच, पण आरतीची वेळ झाली की बाहेरच्या नळावर जाऊन उभी राहायची आणि आरती झाली की पेढा घ्यायला आत यायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि कुणी थांब म्हटलं नव्हतं. आबा होते तोवर आरतीनंतर स्वतः नळापर्यंत यायचे आणि तिच्या उजव्या तळव्यावर झेंडूचं एक फूल ठेवायचे. "हत्यारांना वाहिलं, मग ह्यानं काय पाप केलंय?" बाळासाहेबांनीही ते चालू ठेवलं होतं. यंदा ते विसरले. शकूबाई हात पुसत जरा जास्त वेळ नळाशी थांबली, मग आत गेली.

लेकीलाही तिनं लहानपणापासून हेच शिकवलं होतं. त्यांच्या पूजेत आपण बोलायचं नाही, देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही, काढायचं नाही, ठेवायचं नाही. आपलं आपण विहारात करायचं, त्यांचं त्यांनी करावं, म्हणजे कुणाचं कुणाशी वाकडं येत नाही. या एका शिकवणीवर शकूबाईनं वर्कशॉपातला जन्म काढला होता.

यंदा पूजेत सोंडेचा मान मोठा होता. नाव सोंड, मग काय विचारता! भागू मिस्त्री तर दोन दिवस आधी गावी आहुप्याला जाऊन आला होता. भागू शकूबाईच्या बरोबरीचा, जुना माणूस, मनानं लोण्यासारखा. सोंड आल्यावर सगळ्यात जास्त बिचकला होता तो, आणि आता तिला नजर लागू नये म्हणून देवराईतल्या देवाचा अंगारा घेऊन आला होता. लाल फडक्यात बांधलेली चिमूटभर अंगाऱ्याची पुडी आणि तिला सुताचा दोरा. त्यानं तो दोरा सोंडेच्या मागच्या सांध्याला घट्ट बांधला आणि हात जोडले.

दसऱ्याला वर्कशॉप बंद होतं. शकूबाई पांढरं लुगडं नेसून विहारात जाऊन आली. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर तिला सोंडेला तो दोरा तसाच दिसला.

"यशे, त्यो दोरा तिथं बरा न्हाई," ती हळूच म्हणाली. "आत जाताना काय बी बांधलेलं नको."

यशोधरानं आधी इकडंतिकडं बघितलं. "मी काढू? आई, तू सांगतीस हे? भागूमामानं देवाला लावून आणलाय. मी काढला तर म्हणतील, बघा, यांना आमचं चालत न्हाई. दिवाळी तोंडावर आलीय. मला नको ती भानगड."

"मग भागूभाऊला सांग काढायला."

"त्यांना वाईट वाटंल. मागच्या सांध्याला तर हाय, एवढं आत जातच न्हाई. ऱ्हाऊ दे, वाळून आपोआप गळंल."

शकूबाईच्या तोंडाशी शब्द आले, "मग मीच काढते." पण तिचाही हात उठला नाही. मोठमोठ्या इंजिनांच्या पोटात जाणारा तो हात एका दोऱ्याशी अडला. भागूचं तोंड डोळ्यांपुढं आलं, बाळासाहेबांचं आलं, आणि ती स्टुलावर जाऊन बसली. यात नवल काही नाही. आपल्याकडं माणसं असल्याच गोष्टींना भितात, आणि भ्यायला कारणंही असतात.

त्याच आठवड्यात घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या वाटेवर दुधाच्या शीतकरण केंद्राचं काम निघालं. केंद्रातल्या जनरेटरचं इंजिन जुनं, पण त्याच्यावर वरच्या गावांचं दूध टिकून असायचं. तिकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. यशोधरानं सोंड आत घातली, गाळ काढला, बेरिंग तपासलं, नट आवळले. इंजिन मोठं होतं, सोंड चांगली खोलवर घालावी लागली. शेवटी एक पिन राहिली. ती शकूबाईनं आत हात घालून वाकवली. तोवर सोंड बाहेर येऊन पेटीत गेली होती. झाकण लागलं, इंजिन सुरू झालं, केंद्राचे व्यवस्थापक रामदासभाऊंनी चहा पाजला, सगळे परत आले.

दोन दिवसांनी सकाळीच बाळासाहेबांचा फोन वाजला. रात्रभर वीज नव्हती, इंजिन चाललं आणि पहाटे धरलं. जाम. दूध नासलं.

पिकअपमधून सगळे निघाले. यशोधराचा चेहरा उतरला होता. केंद्राच्या मागच्या नाल्यात पांढरा ओघळ चालला होता आणि आंबूस वास सगळीकडं भरला होता. तळेघरच्या अंगाकडून आलेल्या चार-पाच बाया रिकाम्या किटल्या घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. त्या भांडत नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकीनं शकूबाईकडं बघून नुसतं विचारलं, "इंजिनवाल्या तुमीच का?"

"इंजिन परवा खोललंत आन् आज गेलं," रामदासभाऊ म्हणाले. "आत काय तरी ऱ्हायलंय. माझं एवढंच म्हणणं हाय, काय ऱ्हायलं आन् कुणाचं ऱ्हायलं ते मला आत्ता, इथं दाखवा."

यशोधरानं सोंड जोडली. झाकण खोललं तर आत सगळं काळंभोर, जळकं तेल आणि धातूचा कीस. सोंड आत जायची आणि कॅमेऱ्याच्या काचेवर थर बसायचा. पडद्यावर अंधार. दोनदा पुसली, दोनदा तेच झालं. बाळासाहेबांनी सोंड बाहेर काढायला लावली आणि शकूबाईकडं वळले.

"शकूबाई, तुमी बघा."

किती दिवसांनी त्यांनी असं म्हटलं होतं! तिनं पदर खोचला, गाल इंजिनाला टेकवला, डोळे मिटले. खांद्यातून कळ निघाली. हात बेरिंगापाशी गेला, तिथून खाली चेंबरात, चिकट तेलातून चाचपत तेलाच्या जाळीपाशी पोचला. जाळीच्या तोंडावर काहीतरी मऊ बसलं होतं.

बोटांना ते लगेच कळलं. फडकं. फडक्याला सूत. सुताला गाठ. पुरचुंडीच्या आत थोडंसं रवाळ काहीतरी, भिजलेली राख. तेलात लाल रंग काळा झाला असणार, पण गाठ काही काळी होत नाही. ती भागूची गाठ होती. सांध्यावर सोंड वळून वळून दोरा झिजला असणार आणि पुडी आत गळून पडली असणार.

शकूबाईनं डोळे उघडले. इंजिनाच्या पलीकडं यशोधरा उभी होती, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून. आत काय सापडलं हे यशीला माहीत नव्हतं, पण तिला भीती वाटत होती. ही पुरचुंडी बाहेर आली की पहिला प्रश्न येणार, सोंड आत घालायच्या आधी तिच्यावर काय बांधलंय ते बघायचं काम कुणाचं? दुसरा प्रश्न येणार, दिसला होता तर काढला का नाही? त्याला ती काय उत्तर देणार? काढला असता तर तुम्हीच काय म्हणाला असता, असं? ते बाळासाहेबांपुढं, भागूपुढं, या बायांपुढं ती बोलणार? आणि बोलली तर मग गोष्ट इंजिनाची राहणार नाही. ती वेगळीकडंच जाईल आणि वस्तीपर्यंत येईल. 'हात लावायचा नाही' हे पोरीला कुणी शिकवलं होतं? तिनंच.

"काय हाय का?" बाळासाहेबांनी विचारलं.

"हाय. अडाकलंय. जरा दम धरा."

आणि मग तिनं आत, त्या अंधारात, दोन बोटांनी आणि अंगठ्यानं भागूची गाठ सोडवायला घेतली. भागू गाठ मारतो ती बैलाच्या वेसणीची गाठ, ओढली तर आणखी आवळणारी. तेलानं बोटं घसरत होती. खांद्यात आग उठली होती, घाम डोळ्यांत जात होता. इतकं नाजूक काम त्या हातानं आधी कधी केलं नव्हतं. गाठ सैल झाली, पुडी उलगडली. तिनं राख तेलात चोळून मिसळून टाकली, फडकं सपाट केलं आणि दोरा वेटोळं करून तळव्यात दाबला.

हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांत एक काळी, लोंबती चिंधी होती.

कुणी विचारायच्या आत शकूबाईच बोलली.

"माझीच हाय. पिन वाकवताना हात पुसायला नेली व्हती आत. ऱ्हायली."

बाळासाहेब तिच्याकडं बघत राहिले. रागावले असते तर तिला सोसलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती निराशा होती. "तुमी, शकूबाई? चिंधी?" ते म्हणाले. "आबा असते तर..." रामदासभाऊंनी कपाळाला हात लावला. भिंतीशी उभ्या असलेल्या बायांपैकी जिनं मघाशी विचारलं होतं ती दुसरीला म्हणाली, "म्हातारी झालीय गं. दिसत नसंल." शकूबाई बाजूला जाऊन रॉकेलच्या टबात हात धुवायला बसली. मूठ तिनं रॉकेलच्या आत उघडली. दोरा तळाशी गेला.

इंजिनाचा खर्च बाळासाहेबांनी अंगावर घेतला, दुधाचंही बघतो म्हणाले. परतताना पिकअपमध्ये ते एवढंच बोलले, "शकूबाई, उद्यापासून आत हात नको. तुमाला काढत न्हाई मी, आबांनी आणलेलं माणूस हाय. पर आत हात नको." ती "बरं" म्हणाली.

नारायणगावाहून खोडदला माय-लेकी स्कूटीवर निघाल्या. गाव यायला आलं तेव्हा यशोधरानं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून न बघता विचारलं, "आई, खरंच तुझी चिंधी व्हती?"

"व्हय."

"तू तर कधीच फडकं नेत न्हाईस."

"त्या दिशी नेलं. बोटं घसरत व्हती."

यशोधराला आईचा नियम पाठ होता. आणखी एक प्रश्न तिनं विचारला असता तर शकूबाईला खोटं रेटता आलं नसतं. त्या प्रश्नाची शकूबाईला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तिला तो हवाही होता.

"बाई गं," यशोधरानं श्वास सोडला. "मला वाटलं भागूमामाचा दोरा. सोंडेला न्हाई ना तो आता, कुठं गळाला काय की. माझा नुसता जीव गेला होता." आणि सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. हसत हसतच म्हणाली, "पण आई, किती नुकसान झालं बघ. तू सांगायचं ना, आता जमत न्हाई म्हणून."

"चुकलंच," शकूबाई म्हणाली.

घरी आल्यावर यशोधरा भरपूर जेवली. शकूबाईला घास जाईना. पोरगी वाचली याचं समाधान होतंच, पण ती कशी वाचली हे कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती, पोरीलाही नाही. हे दुःख वाटून घेण्यासारखं नव्हतं. ते तिला एकटीलाच गिळायचं होतं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. क्रशरवाल्यांना कळली, बोअरच्या गाड्यांवर कळली. शकूबाईनं इंजिनात चिंधी ठेवली. वस्तीतल्या बायका आल्या, खरंच का म्हणून विचारून गेल्या. भागूला मात्र एका गोष्टीचा फार आनंद झाला होता. "दोरा गेला, पर सोंडेला ओरखडा न्हाई आला बघा," तो ज्याला त्याला सांगायचा. "देवानं स्वतःवर घेतलं." शकूबाई त्याच्या तोंडाकडं बघायची आणि मान हलवायची.

दिवाळीत यशोधरा कायम झाली. बाळासाहेबांनी पेढे वाटले. कंपनीनं सोंडेला दुसरा चिमटा दिला, त्यानं पिनही वाकवता येते. शकूबाई आता पार्ट धुते. वर्कशॉपात आली तेव्हा हेच काम करायची.

पुढच्या वर्षी सोंड शिकायला कॉलेजातून मुलं यायला लागली. पहिल्या गटात हर्षाली आणि समृद्धी अशा दोघी मुली होत्या, वह्या घेऊन उभ्या. यशोधरा त्यांना सोंडेचा एकेक सांधा दाखवत होती. आता ती भित्री राहिली नव्हती, बोलणं छान सुटसुटीत झालं होतं. शकूबाई चार हातांवर रॉकेलच्या टबाशी बसली होती आणि लेकीचं ऐकत होती. ऐकून तिला अभिमान वाटत होता. तेवढ्यात यशोधरा म्हणाली, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. इंजिनात बाहेरची एकही वस्तू राहता कामा नये. माणसाचा हात कितीही पक्का असला तरी थकतो, विसरतो. आता माझी आईच बघा. उभा जन्म तिनं हे काम केलं, नाव होतं तिचं. आणि एकदा आत चिंधी विसरली. इंजिन गेलं, सगळ्या गावांचं दूध गेलं. म्हणून मशीन."

ती हे तुसडेपणानं बोलली नाही. उलट आईकडं बघून प्रेमानं हसली, की आई, राग नको मानू, पोरांना समजावं म्हणून सांगते. दोन्ही मुली वळून टबाकडं बघायला लागल्या.

"खरंच, मावशी?" हर्षालीनं विचारलं.

शकूबाईनं रॉकेलमधून हात वर काढला, निथळू दिला.

"व्हय बाळा," ती म्हणाली. "विसरले मी."

समृद्धीनं ते वहीत लिहून घेतलं. यशोधरा पुढचा सांधा दाखवू लागली. दर नव्या गटाला ती हे सांगते, आणि दर वेळी कुणी ना कुणी पोर टबाकडं वळून विचारतं, आणि शकूबाई हो म्हणते.